अनसूयाक्कांची बाहेरची शेगडी

माझी आई अनसूया म्हणजे हुबळीच्या देशपांडे नगरातल्या सगळ्यांची अनसूयाक्का. कन्नड शेजारणी तसं म्हणत, मराठी शेजारणीही तसंच म्हणत. पुढे पुढे माझे वडील विठ्ठलरावसुद्धा चारचौघांत "ते आमच्या अनसूयाक्कांना विचारा" असं म्हणायला लागले. त्यांच्या तोंडून ते ऐकताना आईच्या चेहऱ्यावर हसू यायचं नाही, पण पदर मात्र ती नीट करायची. ही तिच्याबद्दलची गोष्ट आहे आणि मी, नेत्रा, तिची मुलगी, ती सांगते आहे. थोडा अभिमान सांडला तर सांडू दे.

वडील, म्हणजे आमचे अप्पा, शाळेत इतिहास शिकवायचे. त्र्याण्णव साली निवृत्त झाले आणि घरात बसणं त्यांना काही जमेना. मग त्यांनी छोट्या सहली काढायला सुरुवात केली. बदामी, ऐहोळे, हंपी, कधी गोवा. एक मिनीबस भाड्यानं घ्यायची, विद्यानगर आणि देशपांडे नगरातली पंचवीस-तीस माणसं जमवायची आणि निघायचं. अप्पा बदामीच्या गुहेसमोर बोलायला उभे राहिले की ऊन डोक्यावर आलेलं त्यांना कळायचं नाही. स्वयंपाक आईकडे. कुठल्या तरी छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, नाहीतर देवळाच्या मागच्या ओवरीत, रॉकेलचे दोन स्टोव्ह लावून ती भात, सार आणि एखादी भाजी करायची. माणसं पोट भरून जेवत, नावाजत. पण आईच्या मनात एक सल होता. आमच्या भागातल्या माणसाला भाकरी लागते, आणि ती तिला देता येत नव्हती. घरून करून नेलेली भाकरी दुसऱ्या दिवशी वातड व्हायची. ती वाढताना आई पानाकडे बघायची, जेवणाऱ्याकडे बघायची नाही.

"तव्यावरची पानात पडली पाहिजे," ती म्हणायची. "नाहीतर मग नुसता भातच वाढावा, बोलू नये."

सत्त्याण्णवच्या सुमारास तिनं ठरवलं की स्वयंपाकघरच बरोबर न्यायचं. गोकुळ रोडला महेशचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. महेश मूळचा अळणावरजवळच्या खेड्यातला. हुबळीत येऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्यात त्यानं नाव कमावलं होतं. आई त्याच्याकडे गेली आणि जमिनीवर खडूनं चौकट काढून दाखवली. इथं ओटा, इथं पाण्याची टाकी, इथं डबे. मिनीबसच्या मागे जोडायची, दोन चाकांची, वर पत्र्याचं छप्पर असलेली गाडी. पुढच्या बाजूला बंद कप्प्यात सिलेंडर, त्यावर रेग्युलेटर, तिथून तळाखालून तांब्याची नळी आणि आत पक्के बसवलेले दोन बर्नर. परवानगीसाठी अप्पांनी किती खेटे घातले ते विचारू नका. पण गाडी झाली, रस्त्यावर आली, आणि लोकांनी तिला स्वयंपाकगाडी हेच नाव दिलं.

रॉकेलचा धूर गेला. पण भाकरी काही होईना. दोन्ही बर्नर भात आणि भाजीत अडकलेले असायचे, आणि त्या पत्र्याखाली तिसरी आच लावली असती तर आत उभं राहणं अशक्य झालं असतं.

पुढच्या वर्षी अप्पांचा पुतण्या गुरुप्रसाद अमेरिकेतून सुटीवर आला. त्यानं बॅगेतून एक घडीची वस्तू आणली. पाय उघडले की गुडघ्याएवढी उंच, वर लोखंडी जाळी, खाली लांबट बर्नर.

"काकू, हे ग्रिल. तिकडे आम्ही कुठं फिरायला गेलो की ह्याच्यावर कणसं, वांगी भाजतो. तुमच्या सहलीला होईल."

आईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग आत जाऊन स्वतःचा लोखंडी तवा आणला, जाळी काढून बाजूला ठेवली आणि तवा त्या जागी ठेवला. तो अगदी बेतानं बसला. "हे भाकरीसाठीच केलंय रे," ती म्हणाली. गुरुप्रसाद हसत सुटला.

अडचण एकच होती. ते ग्रिल ज्या लहानशा डबीएवढ्या सिलेंडरवर चालायचं तो विमानात आणता येत नव्हता, आणि हुबळीत मिळत नव्हता. गुरुप्रसाद परत गेला आणि ग्रिल आमच्या पडवीत बसून राहिलं.

अप्पा म्हणाले, "वेगळा एक सिलेंडर घेऊ, त्याला जोडू. सोपं आहे."

"सुटा सिलेंडर माणसांच्या पायांत मी ठेवणार नाही," आई म्हणाली. "बसमध्ये त्याला कुठं ठेवणार? सीटखाली? गाडीत सिलेंडरचा कप्पा आहे, कुलूप आहे. गॅस तिथूनच आला पाहिजे."

तिच्या ह्या हट्टामागे कारण होतं. ती लहान असताना धारवाडच्या घरी स्टोव्हचा भडका उडून तिच्या आईचा हात भाजला होता. तो आजीचा हात मी पाहिलेला आहे, कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखा. आई विस्तवाला भ्यायची नाही. पण विस्तवाशी कुणी हलगर्जीपणा केला की ती फार कडक व्हायची. बाजारातल्या एका दुकानदारानं तिला सांगितलं होतं की रेग्युलेटरची कटकटच नको, सिलेंडरच्या तोंडाला नळी आवळून थेट ग्रिलला देतो. आईनं ग्रिल उचललं आणि नमस्कार करून बाहेर पडली.

शेवटी आम्ही दोघी ते घेऊन महेशकडे गेलो. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. महेशनं गाडीखाली झोपून नळी बघितली.

"अक्का, इथं टीचा जोड मारतो. एक फाटा बाहेरच्या अंगाला काढतो. त्याला वाल्व्ह, आणि पुढं रबरी नळी. नळी काढली की वाल्व्ह बंद."

"आणि वाल्व्हच्या तोंडाला टोपण," आई म्हणाली. "आटे असलेलं. चुकून कुणाचा हात लागला तरी काही व्हायला नको."

"हौद्री अक्का, होय, टोपण पण करतो."

काम झालं. महेशनं ग्रिलच्या तोंडाशी जुळणारा पितळी तुकडा शेजारच्या लेथवर काढून घेतला. ग्रिलला त्याचा स्वतःचा छोटा रेग्युलेटर होता, नळी त्यालाच जोडली. आईनं काडी ओढली. ज्योत आली, पण कशी? बर्नरच्या भोकांवर जोंधळ्याएवढे निळे ठिपके, बस्स. तवा ठेवला. आईनं घरून पीठ नेलं होतं, भाकरी थापली, टाकली. ती भाजेना. नुसती वाळत गेली. पापडासारखी कडक झाल्यावर आईनं ती उचलून वर्कशॉपच्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्यानं हुंगली आणि निघून गेला.

महेश ओशाळला. डोकं खाजवत म्हणाला, "गॅस कमी पडतोय अक्का. सिलेंडरवरचा रेग्युलेटर काढून मोठ्या दाबाचा बसवतो. भट्टीवाले लावतात तसला. धडाधडा पेटेल बघा."

"थांब जरा. तो बदलला तर आतले दोन बर्नर?"

महेश वाकून गाडीखालच्या नळीकडे बघायला लागला.

"त्यांनापण तोच दाब जाणार ना? ते तर घरच्यासारखे बर्नर आहेत."

"ते... हो. ते भडकतील."

आई तिथंच एका उलट्या डब्यावर बसली. आम्ही चहा मागवला. बराच वेळ ती त्या दोन रेग्युलेटरांकडे आळीपाळीनं बघत होती. मग म्हणाली, "नेत्रा, आपल्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं गं? कोपऱ्यावर वाल्व्हमन चाक फिरवतो, निम्मंच उघडतो. सगळ्यांना पुरावं म्हणून. आणि परवा तुझ्या अप्पांनी आपल्या दारातला कॉकपण निम्मा बंद ठेवला होता, तेव्हा कसं आलं पाणी?"

"करंगळीएवढं."

"मग इथं तेच झालंय. सिलेंडरवरच्यानं दाब एकदा कमी केला. हा ग्रिलवरचा लहानगा तो परत कमी करतोय. ह्याला वाटतंय आपण सिलेंडरच्या तोंडालाच बसलोय."

महेशनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग हाच काढायचा! लहानवाला!"

"काढायचा की नाही ते मला कळायला पाहिजे," आई म्हणाली. "काढून जास्त दाब गेला तर?"

आता माझी पाळी होती. ग्रिलच्या तळाला एक चपटी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं. ह्या बर्नरला किती दाब हवा तो लिहिला होता, पाण्याच्या अकरा इंच उंचीएवढा. आपल्या सिलेंडरवरच्या रेग्युलेटरवर बाहेर पडणारा दाब कोरलेला होता तो ग्रॅम आणि सेंटिमीटरच्या हिशेबात. एक सेंटिमीटर उंच पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक ग्रॅम, म्हणून मी वर्कशॉपच्या भिंतीवरच खडूनं इंचांचे सेंटिमीटर केले. एकाचे अठ्ठावीस आले, दुसरा तीस.

"आई, जवळजवळ सारखेच आहेत. ग्रिलला जेवढा हवा तेवढाच दाब आपल्या नळीत आधीच आहे. लहान रेग्युलेटर काढला तर चालेल."

"नक्की?"

"नक्की."

आईनं माझ्याकडे पाहिलं ती नजर मला अजून आठवते. परीक्षेचे माझे गुण तिनं कधी अशा नजरेनं पाहिले नव्हते.

महेशनं लहान रेग्युलेटर काढला आणि पितळी तुकडा नव्यानं करून नळी थेट ग्रिलच्या चावीला जोडली. ज्योत लहानमोठी करायची चावी वेगळी होती, ती तशीच राहिली. आई लगेच काडी ओढेल असं मला वाटलं होतं. पण तिनं वाटीत साबणाचा फेस केला, कापडाच्या बोळ्यानं एकेका जोडावर लावला आणि मगच महेशला वाल्व्ह उघडायला सांगितलं. टीच्या एका बाजूला फेसाचा बुडबुडा हळूच फुगला.

"बघ," ती म्हणाली.

महेशनं वाल्व्ह बंद केला, जोड उघडून परत आवळला. पुन्हा फेस. ह्या वेळी फेस निमूट बसून राहिला.

मग काडी. बर्नरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी ज्योत सळसळत गेली. आत गाडीत जाऊन आईनं दोन्ही बर्नर पेटवले, त्यांचीही आच कमी झाली नाही. बाहेर येऊन तिनं भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. तवा उतरवून त्या जागी जाळी बसवली आणि भाकरी तिच्यावर ठेवली तशी ती टम्म फुगली. लेथवाला, त्याचे दोन कामगार, समोरचा रंगारी, सगळे गोळा झाले. पीठ संपेपर्यंत आई भाकऱ्या करत राहिली आणि माणसं हातावर घेऊन मीठ-तेलाबरोबर खात राहिली. महेशनं तर शेवटची भाकरी घरी बायकोला, अनिताला, दाखवायला म्हणून कागदात बांधून नेली.

सहलीला निघण्याआधी आईनं गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलावून सगळं दाखवलं. त्यानं तपासलं, रबरी नळी थोडी आखूड करायला लावली आणि एक गोष्ट बजावली, हे ग्रिल कधीही गाडीच्या आत किंवा छपराखाली पेटवायचं नाही. आईनं ते असं ऐकलं की जणू स्वतःच्या गुरूनं सांगितलं.

त्या सूचनेची परीक्षा पुढच्या मे महिन्यात झाली. आम्ही गोव्याहून परत येत होतो. अनमोडच्या घाटात एक मोठा ट्रक आडवा झाला होता, त्याच्या ड्रायव्हरला लागलं होतं आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. सकाळचे आम्ही तिथं अडकलो. दुपार झाली तरी गाड्या हलेनात. आमच्या मागे एक लग्नाचं वऱ्हाड होतं. लग्न हुबळीत झालेलं, कुलदेवीचं दर्शन घेऊन परतत होते. त्याच्या मागे लहान मुलं असलेली कुटुंबं, त्याच्या मागे मिरच्यांचा टेम्पो. जवळपास हॉटेल नाही. मुलं रडायला लागली.

आई बसमधून उतरली. "अहो," ती अप्पांना म्हणाली, "पीठ किती उरलंय बघा. आणि ह्या सगळ्यांना सांगा, कुणाकडे काय आहे ते आणा."

अप्पांना तेवढंच हवं होतं. रांगेतून फिरत त्यांनी मराठीत, कन्नडमध्ये आणि मोडक्या कोकणीत घोषणा केली. कुणी कांदे आणले, कुणी शेंगदाणे. मिरचीवाल्यानं ओंजळी भरभरून मिरच्या दिल्या. वऱ्हाडाकडे देवीच्या प्रसादाचे नारळ होते. कुणाच्या तरी पोत्यात ज्वारीचं पीठ निघालं.

गाडीच्या आत मी भात टाकला. बाहेर, रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी, वाऱ्याला पाठ देऊन आईनं ग्रिल लावलं. फेस, वाल्व्ह, काडी. घाईतसुद्धा तिनं फेस चुकवला नाही. तवा तापला आणि भाकऱ्या पडायला लागल्या. पण खाणारी तोंडं फार होती, आणि थापणारे हात दोनच. तेवढ्यात वऱ्हाडातली नवी नवरी पुढे आली. जरीची साडी, हाताला कोपरापर्यंत मेंदी, डोक्यात गजरा सुकलेला. नाव दीपश्री, माहेर नवलगुंदाकडचं.

"मी थापू का?"

तिच्या मागून कुणी तरी बाई म्हणाली, "अगं, नव्या नवरीनं रस्त्यावर..."

"मुलं भुकेली आहेत हो," दीपश्री म्हणाली आणि पदर खोचून खाली बसलीसुद्धा. तिचे हात असे फिरले की आईनं बोलणं थांबवून बघितलं. काळ्या मातीतल्या मुलीचे हात, भाकरी परातीत गोल गोल मोठी होत गेली. तिची सासू बराच वेळ उभी राहून बघत होती. मग तीही आली आणि मिरच्यांचा ठेचा करायला बसली.

निम्मं जेवण झालं असेल, तर आभाळ भरून आलं. वळवाची सर. दोन-चार पुरुष धावले. "अक्का, बसला ताडपत्री बांधतो. शेगडी आत घ्या, आत घ्या!" एकानं तर ग्रिलचा पाय धरला.

"हात काढा!" आईचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. तिनं आधी गाडीचा वाल्व्ह बंद केला, मग ग्रिलची चावी. ज्योत विझली. "ताडपत्रीखाली माणसं बसवा, मुलं बसवा. ही शेगडी उघड्यावरची आहे, आत येणार नाही."

"पण अजून किती तरी जणं राहिलीत जेवायची."

"राहू देत. थांबतील. मीपण थांबते."

कुणी तरी पुटपुटलं. आई पावसात भिजत तव्यावर पालथी परात धरून उभी राहिली. दीपश्री तिच्या शेजारी, जरीची साडी चिंब. अप्पा छत्री घेऊन आले, ती आईनं पिठाच्या डब्यावर धरायला लावली. सर गेली तशी आईनं बर्नर कोरडा पुसला, जोडांवर पुन्हा फेस लावला आणि पेटवलं. राहिलेल्या सगळ्यांना गरम भाकरी मिळाली, ट्रकच्या जखमी ड्रायव्हरच्या सोबत्यालाही. शेवटची भाकरी आईनं दीपश्रीच्या पानात घातली, आणि सासूनं त्या भाकरीवर लोणी म्हणून ओल्या नारळाचा तुकडा ठेवला. तिथंच सगळ्या हसल्या. ऊन उतरायच्या आत रस्ता मोकळा झाला.

त्यानंतर सहलींना माणसं अप्पांच्या इतिहासासाठी येत की आईच्या भाकरीसाठी, ह्यावर घरात भांडण व्हायचं. भांडण अप्पाच काढायचे आणि हरायला त्यांना आवडायचं. महेशकडे आचाऱ्यांची आणि मंगल कार्यालयवाल्यांची रीघ लागली. तसल्या गाड्या त्यानं पुष्कळ बांधल्या. पण एकही गाडी आईनं फेस लावून बघितल्याशिवाय त्यानं दिली नाही. रिक्षातून ती गोकुळ रोडला जायची, मांडीवर साबणाची वाटी. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्या कोण?" महेश म्हणायचा, "ह्या पास करतात, मगच गाडी निघते."

दोन हजार सात साली अप्पांचे गुडघे धरले आणि सहली थांबल्या. गाडी विकत घ्यायला चांगले चांगले लोक आले. आईनं ती महेशच्या आईला, तानूबाईंना, दिली. अळणावरच्या बाजारात भाकरी-झुणक्याचं दुकान घालायचं त्यांच्या मनात होतं. पण नुसती दिली नाही. तानूबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. आईनं त्यांना नळी जोडणं, काढणं, टोपण लावणं, फेस बघणं सगळं हातानं करायला लावलं, पुन्हा पुन्हा. एकदा तिनं मुद्दाम एक जोड सैल करून ठेवला आणि काहीच न बोलता बाजूला उभी राहिली. तानूबाईंनी फेस लावला, बुडबुडा पाहिला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "अक्का, हे तुम्हीच केलंत."

"झालं," आई म्हणाली. "घेऊन जा आता."

पहिल्या बाजाराच्या दिवशी आम्ही अळणावरला गेलो. तानूबाईंची शेगडी छपराबाहेर, मोकळ्यावर पेटलेली. समोर लाकूडवाले, भाजीवाल्या, शाळेचे मास्तर, सगळे उभे. आईला बाकावर बसवून तानूबाईंनी पहिलं पान तिला वाढलं. आईनं भाकरी मोडली, झुणक्यात बुडवली आणि खाल्ली. एकही सूचना केली नाही. शेजारच्या माणसानं तिला विचारलं, "कशी आहे हो भाकरी?"

"तुम्ही घ्या ना," आई म्हणाली. "आणि लवकर घ्या, मला अजून एक हवी आहे."